पहिला फोन सुराचा

"कूलर बंद कर गा! वर कोनाचा कूलर सुरू आहे? बंद कर म्हनतो ना!"

वर राहणारा मी एकटाच होतो, त्यामुळे कूलर कोणाचा हा प्रश्न तसा बिनकामाचा होता. पण खालून काकाजींचा आवाज असा काही चढला होता की आजूबाजूच्या घरांनीही घाबरून आपापले कूलर बंद केले. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं तर चरकात अर्धा गेलेला ऊस तसाच धरून ठेवला, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मी.

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या मे महिन्याबद्दल बाहेरच्या माणसाला खरं सांगितलं तर त्याला गप्पा वाटतात, म्हणून थोडक्यात सांगतो: त्या दुपारी आमच्या भिंतीवरची पाल खाली उतरली आणि माठाला मिठी मारून बसली. अशा हवेत नागपूरकराकडे त्याची एक किडनी मागावी, तो निदान विचार करील. कूलर बंद करायला सांगू नये.

मी गॅलरीतून वाकून पाहिलं. काकाजी खाली ओट्यावर बसले होते. अंगात बनियन, मांडीवर बेंजो, समोर वरण शिजवायचा मोठा गंज आणि गंजाच्या तळाशी मोबाइल. माझा कूलर थांबल्याबरोबर त्यांचा आवाज एकदम देवघरातल्यासारखा मऊ झाला.

"रेकॉर्डिंग सुरू आहे बाबू. तुझ्या कूलरची घरघर येऊन राहिली सुरात. गॅसवाल्याची धून आहे, त्याले घरघर कायले पायजे?"

म्हणजे गॅसचं सिलिंडर आणणाऱ्या माणसाचा फोन आला की काकाजींच्या मोबाइलवर जी धून वाजणार होती, तिच्यासाठी अख्ख्या गल्लीनं उकडून निघायचं होतं. आणि आम्ही निघालो. मी त्या दुपारी इतका घाम गाळला की बादलीत धरला असता तर संध्याकाळी कूलर त्याच्यावरच चालला असता.

काकाजी माझे घरमालक. नागपूरच्या टोकाचा आमचा बेसा अर्धा शेत आणि अर्धा सिमेंट होता तेव्हा त्यांनी तिथं घर बांधलं आणि वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या ठेवल्या. मी हिंगण्याला नोकरीला होतो आणि तेही हिंगण्याच्याच एका कारखान्यातून, मशिनी दुरुस्त करता करता, रिटायर झालेले. तेवढ्या नात्यावर मला खोल्या मिळाल्या. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. दूधवाल्यापासून कुरियरवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते काकाजी. आधार कार्डावरही तेच असावं असा मला दाट संशय आहे.

अंगानं इतके बारीक की बाजूनं उभे राहिले तर भिंतीवरची भेग वाटत. मिशा मात्र दोन माणसांना पुरून उरतील अशा. आणि कान असे की उन्हाळ्यात वावटळ सुटली की काकू दारातून म्हणत, "आत या, नाही तं उडून जासान."

बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी असं समजावं की टाइपरायटरनं सतारीला पळवून नेलं आणि त्यांना जे मूल झालं ते हे. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. तरुणपणी काकाजींचा बेंजो आजूबाजूच्या लग्नाकार्यांत आणि गणपतीच्या मंडपांत गाजलेला. दुसऱ्यांची गाणी ते वाजवत नसत. सगळ्या धुना स्वतःच्या. त्यांना सुरुवात फार सुंदर येत होती, मधलं सगळं येत होतं. शेवट तेवढा येत नव्हता. एकदा धरलेली धून ते इतकी फिरवत, खेळवत, परत आणत की ऐकणाऱ्याची दाढी वाढायची.

अशा माणसाच्या हातात अर्ध्या मिनिटाची रिंगटोन कशी आली, ते सांगतो.

एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. कोणाचा तरी मोबाइल वाजला. कंपनीतून येते तीच ती ट्यून, सगळ्यांच्या फोनवर असते ती. झालं, अख्ख्या पंगतीनं खिसे चाचपले. वाढप्यानं चाचपला, भटजींनी चाचपला, माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर घाईघाईत हातातलं भरलं वांगं खिशात घातलं. काकाजी हे सगळं शांतपणे बघत होते. दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, काकाजी, डाउनलोड करा, हजारो मिळतात. काकाजींनी त्याला विचारलं, माझ्या घरी बेंजो असतानी मी दुसऱ्याचा बाजा काहून लावू? काकाजी जिना चढून माझ्याकडे आले.

मी त्यांना दाखवलं. कठीण काहीच नव्हतं. फोनमध्येच आवाज टिपायचा, पडद्यावर त्याची जी लांब पट्टी दिसते तिची दोन्ही टोकं बोटानं सरकवून हवा तेवढा तुकडा ठेवायचा, आणि तो आपल्या फोनला रिंगटोन म्हणून लावायचा. मला वाटलं, एक धून करतील, लावतील, विषय संपेल. पण बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की ज्याच्या त्याच्या नावाला वेगवेगळी रिंगटोन पण लावता येते.

काकाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हनजे फोन उचलाच्या आधी मानूस समजते?"

मी हो म्हणालो. त्या दिवसापासून आमच्या घराची शांतता गेली ती गेलीच.

कोणाचीही धून करण्याआधी ते त्या माणसाला नीट बघून घेत. बोलावून, चहा पाजून, समोर बसवून. काय काम आहे ते सांगत नसत. समोरच्याला वाटायचं, काकाजींना आपल्याशी सोयरीक करायची आहे. मग तो गेल्यावर बेंजो काढायचा. रेकॉर्डिंगच्या जागेचे प्रयोग किती झाले त्याला गणती नाही. आधी खोलीत केलं, पंखा आला. गच्चीवर केलं, विमान आलं. गाद्या-गोधड्यांच्या कपाटात बसून केलं, तिथं आवाज उत्तम आला पण काकाजी बाहेर आले ते वाफवलेल्या शेंगोळ्यासारखे. शेवटी गंज सापडला. गंजात फोन ठेवला की आवाजाला अशी गोलाई येते, असं ते म्हणत, की बेंजो विहिरीतून गाऊन राहिला. काकू वरण मग कुकरातच करू लागल्या, आणि कुकराची शिटी एका धुनेत गेली. ती मेव्हण्याच्या नावाला लागली. मेव्हणे तापट होते, त्यांना ती शोभलीही.

दूधवाल्याची धून घट्ट सुरू व्हायची आणि पुढे पुढे पातळ होत जायची. भाजीवाल्या मावशींच्या धुनेत एक सूर वर गेला की काही केल्या खाली येत नसे. माझी धून त्यांनी मोठ्या प्रेमानं ऐकवली. आधी नुसत्या उड्या, टणाटण टणाटण, आणि मग मधेच सगळं गप्प होऊन एक बारीक, केविलवाणा सूर.

"तू असाच आहे," काकाजी म्हणाले. "येतानी साऱ्या बेस्याले मालूम पडते, अन् मुद्द्यावर आला का पानी मागतं."

मी रागावायला पाहिजे होतं. पण खरं सांगतो, माझ्या सख्ख्या काकांनी मला इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं.

काकूंची धून त्यांनी सर्वांत आधी केली आणि सर्वांत जास्त वेळा बदलली. चालीत काहीतरी राहून जातं म्हणायचे. काकू वरवर कुरकुरत, लग्नात एवढं पाहिलं नाही माझ्याकडं, जेवढं आता फोनकडं पाहून राहिले. पण चहा झाला की अंगणात हाक मारायची सोडून त्या स्वयंपाकघरातून काकाजींना फोन लावत. अंगणात धून वाजायची. काकाजी डोळे मिटून ऐकायचे. इकडे चहावर साय धरायची. मग काकू कप घेऊन स्वतःच बाहेर येत आणि म्हणत, "ऐकून झालं असन तं प्या आता."

कारण वाजता फोन उचलायचा नाही हा काकाजींचा कायदा होता. सूर कापू नये गा, पुरा होऊ दे, हे त्यांचं वाक्य दिवसातून कितीदा कानावर पडे. धून संपेपर्यंत फोन करणारा बिचारा थकून ठेवून देई. सुरुवातीला लोक वैतागले, मग शिकले. काकाजींशी बोलायचं असलं की दोनदा फोन लावायचा. पहिला फोन सुराचा, दुसरा बोलण्याचा. पहिला ते ऐकणार, दुसरा मात्र पहिल्याच ठोक्याला उचलणार आणि "बोल" म्हणणार. हा कायदा आमच्या भागात इतका मुरला की गॅसवाला माझ्यासारख्या साध्यासुध्या माणसालाही दोनदा फोन करू लागला आणि मी पहिल्यांदा उचलला की दचकायचा. क्रेडिट कार्ड घ्या म्हणून ज्या मुली फोन करतात, त्यांना हा कायदा कोणी सांगितला नव्हता. त्या दुसऱ्यांदा करत नसत. काकाजींकडे म्हणूनच क्रेडिट कार्ड नव्हतं.

शेजारच्या वकीलसाहेबांचं प्रकरण मात्र कोर्टात जायचं राहिलं. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. वकीलसाहेबांनी काकाजी कुठे राहिले म्हणून फोन लावला, आणि काकाजी नेमके त्यांच्याच हॉलमध्ये, बायकांच्या मागे, प्रसादाच्या आशेनं बसलेले. पूजा ऐन रंगात, आणि काकाजींच्या खिशातून एक सूर लांबच लांब वर चढला, वर जाऊन थरथरला आणि धपकन खाली पडला. परत चढला. परत पडला. सकाळी सकाळी गाढव घसा साफ करतं ना, हुबेहूब तसं. अर्थात काकाजींनी तो कापला नाही. पोथी थांबली, पण सूर पुरा झाला. बायकांनी पदरात तोंडं घातली. वकीलसाहेबांनी हातातल्या फोनकडे पाहिलं, काकाजींच्या खिशाकडे पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की हे आपणच.

अंगणात नेऊन त्यांनी काकाजींना नोटीस देण्याची धमकी दिली. काकाजींनी हात जोडले.

"साहेब, म्या फक्त बटनं दाबली. बाकी तं तुमचंच आहे."

वकीलसाहेब बरेच दिवस बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी मला जिन्यात गाठलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, ती धून माझ्या फोनवर टाकून देता येईल का, नात फार मागते. नात तेव्हा दात येण्याच्या वयाची होती. मी टाकून दिली.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगायला घेतलं तिच्याकडे येतो. पाणी मागण्याच्या आत.

काकाजींच्या फोनमधली जागा भरली म्हणून एकदा मी नको त्या गोष्टी काढत बसलो होतो. धुनांच्या यादीत एक नाव दिसलं, लहाना. इतके दिवस त्या घरात राहून मी ही धून वाजलेली ऐकली नव्हती. मी ती लावणार तेवढ्यात काकाजींनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. ओढला नाही, काढून घेतला. आणि पाय मोकळे करायला जातो म्हणून निघून गेले.

ते गेल्यावर काकूंनी सांगितलं. लहाना म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. कामठीला राहतो. काकाजींच्या बेंजोमागे ढोलक त्याचा. दोघे मिळून वाजवणाऱ्यांची पार्टी चालवायचे आणि लोक सांगत, यांची बोटं एकाच आईनं धुतलेली आहेत. मग उमरेडकडच्या एका लग्नात वरमालेच्या वेळी काकाजींनी धून धरली. धरली ती धरली. नवरी हार घेऊन उभी, नवरदेव हार घेऊन उभा, भटजी उभे, अक्षता हातात भिजून चाललेल्या, आणि बेंजो काही समेवर यायला तयार नाही. तिकडे पुऱ्या गार. तेव्हा लहान्यानं भर मांडवात ढोलक बाजूला ठेवलं, उठला आणि जेवायला बसला.

काकाजींचं म्हणणं, त्यानं चार माणसांत ठेका सोडला. लहान्याचं म्हणणं, नवरदेव उभ्या उभ्या झोपला होता. तेव्हापासून दोघं बोलले नाहीत, नंबर तेवढा काकूंकडून काकाजींच्या फोनात आला होता. त्या नवरदेवाची पोरं आता लग्नाची झाली असतील.

पुढे बऱ्याच दिवसांनी काकाजी स्वतःच वर आले. बसले. पंख्याकडे पाहिलं. मी न सांगता पंखा बंद केला. त्यांनी फोन काढला आणि ती धून मला ऐकवली.

एवढी एक धून त्यांनी नव्यानं वाजवलेली नव्हती. दोघांची एक जुनी कॅसेट होती, भांडणाच्या आधी भरलेली. पेन्सिलीनं तिची फीत गुंडाळून, टेपरेकॉर्डर उघडून, साफ करून, त्यांनी ती गंजात वाजवून टिपली होती. सुरुवातीला बेंजोचा एकच सूर, आणि तो संपायच्या आत ढोलक आलं. माझ्या कानांना संगीतातलं काही कळत नाही. पण ते ढोलक असं आलं की मी बसल्या जागी सरळ झालो. पुढे सगळं तेच होतं, बोटांची नुसती पळापळ, हसणं म्हणा ना. बेंजो जवळजवळ नव्हताच.

"तुमचा बेंजो कुठं गेला?" मी विचारलं.

"कापला."

ज्या माणसानं सत्यनारायणात सूर कापला नाही, त्यानं स्वतःचा बेंजो कापून टाकला होता.

मग मी म्हणालो, काकाजी, एवढं आहे तर लावा ना त्यांना फोन. ते म्हणाले, लावनार नाही. ठेका त्यानं सोडला, त्यानंच धरला पायजे. आणि जरा थांबून, खाली फरशीकडे बघत म्हणाले, "मले हे फोनवर वाजलेलं ऐकाचं आहे गा. असं बटन दाबून नाही. त्यानं लावला अन् वाजलं, असं."

मी हुशारी केली. म्हटलं, मी माझा नंबर तुमच्या फोनात लहाना नावानं टाकतो आणि वरून फोन लावतो, वाजेल की. काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुधात पाणी घालताना सापडलो. पंखा सुरू करून ते खाली गेले.

होळीच्या सुमाराला कामठीहून निरोप आला. लहान्याच्या छातीत दुखलं, रामदासपेठेत दवाखान्यात आणलं आहे, हृदयाच्या नळीत काहीतरी टाकणार. काकाजींनी स्कूटर काढली, काकूंना मागे बसवलं, मी माझ्या गाडीवर मागोमाग. दवाखान्याच्या खाली स्कूटर उभी केली आणि काकाजी स्टँडला टेकून उभे राहिले.

काकू म्हणाल्या, चला. ते म्हणाले, तू जा. काकूंनी बरंच समजावलं. शेवटी काकाजींनी खरं कारण काढलं. वर फोन बंद ठेवायला लावतात.

"मग ठेवा ना बंद घटकाभर," काकू म्हणाल्या.

"अन् त्याचाच आला तं?"

तो वर पलंगावर नळ्या लावून पडला होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. मग त्या एकट्याच वर गेल्या. काकाजी उन्हात उभे होते. गाड्या येत होत्या, जात होत्या, वॉचमन येऊन दोनदा बोलून गेला. काकाजी एका हातात फोन धरून चौथ्या मजल्याच्या खिडक्यांकडे बघत होते. मी उसाचा रस आणला, तो त्यांनी हातात धरला आणि प्यायला विसरले.

काकू खूप वेळानं आल्या. ठीक आहे म्हणाल्या, हसते, बोलते, डॉक्टरशी भांडते. घरी आल्यावर पाणी पिता पिता सरळ सांगून टाकलं की मी त्यायले सारं सांगितलं. कोनाकोनाच्या धुना केल्या ते, त्यायची केली ते, बेंजो कापला ते, दोनदा फोन लावा लागते ते. सारं.

"काय म्हने?" काकाजींनी भिंतीकडे बघत विचारलं.

"काही नाही म्हने. छताकडं पाहून राहिले होते."

होळी गेली. कूलर निघाले, त्यांच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या, उन्हाळा चढला. लहाना बरा होऊन कामठीला गेल्याचं कळलं. फोन आला नाही. काकाजींनी नव्या धुना करणं थांबवलं. गंज स्वयंपाकघरात परत गेला आणि आम्हाला दुपारी कूलर मिळू लागला. तुम्हाला वाटेल आम्ही सुखी झालो. वकीलसाहेब मला म्हणाले, हो, कूलर चालतो, पण झोप येत नाही.

मग एका रविवारी सकाळी मी वर दाढी करत होतो आणि खालून ढोलक ऐकू आलं.

मला आधी वाटलं, कोणाची वरात. मग तो बेंजोचा एक सूर आठवला आणि मी अर्ध्या दाढीनं जिना उतरलो. काकाजी अंगणात उभे होते. हातात पाण्याचा पाइप, कूलर भरून कधीचा वाहत होता, पाणी त्यांच्या पायांवरून वाहत फाटकाबाहेर चाललं होतं. फोन खिडकीच्या कठड्यावर. काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि फोनकडे झेपावल्या. काकाजींनी फक्त हात वर केला. काकू जागच्या जागी थांबल्या.

ढोलक वाजत राहिलं. मी खोटं बोलत नाही, समोरच्या कडुलिंबावरचे कावळे गप्प झाले. काकाजींचं डावं बोट पाइपवर बटण दाबावं तसं एकदा हललं. मग धून पुरी झाली. फोन थांबला.

"आता दुसरा येईन," काकाजी म्हणाले.

त्यांनी पाइप खाली ठेवला, पाय पुसले, खुर्ची ओढून बसले आणि फोन मांडीवर घेतला. काकूंनी नळ बंद केला. मी साबण सुकलेल्या गालानं पायरीवर बसलो. लहान्याला कायदा माहीत होता, काकूंनीच सांगितलेला. आता फक्त "बोल" म्हणायचं बाकी होतं.

फोन वाजला. काकाजी अर्धे उठले. सूर लांबच लांब वर चढला. वकीलसाहेब होते; नंतर कळलं, नुसतं पाणी रस्त्यावर आलं म्हणून सांगायला. सूर वर जाऊन थरथरायच्या आत काकाजींनी अंगठा दाबून फोन तोडला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. काकाजींनी सूर कापला होता. लाइन मोकळी राहावी म्हणून.

ऊन ओट्यावर आलं, खुर्चीवर आलं, काकाजींच्या डोक्यावर आलं. कूलर लावा म्हटलं तर नको म्हणाले, ऐकू येनार नाही. काकूंनी ताट आणलं, ते झाकून ठेवलं. मी विचारलं, आपणच लावायचा का? मान हलली, नाही. त्या फोनवर नंतर दूधवाला आला, मेव्हणा आला, सगळे कापले गेले. कामठीहून काही आलं नाही. काकाजी इतके लहान दिसायला लागले की मिशांच्या मागे कोणी बसलं आहे की नाही, असं वाटावं.

शेवटी काकूंनी आपला फोन घेतला, काकाजींच्या समोर स्टुलावर ठेवला, लहान्याचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. काकाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं, पण उठून गेले नाहीत. तिकडून लगेच फोन उचलला गेला.

"बोला वहिनी."

"भाऊजी, सकाळी तुमचा फोन आला होता यायले."

"हो. वाजलं का ढोलक?"

"वाजलं. पुरं वाजलं. तवापासून हे इथी फोन घेऊन बसले आहे, जेवले नाही. दुसरा फोन काहून नाही लावला जी?"



"दुसरा तो उचलते," लहाना म्हणाला.